एंटर तुम्ही दाबा

लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ खुर्चीवर म्हणून कधी बसत नाहीत. कॉम्प्युटरचं काही अडलं की मी त्यांना हाक मारते. ते उभ्यानेच, या पायावरून त्या पायावर होत, काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करतात. तोंडाने "अच्छा ताई, चलो, बघू" चालूच.

परवा आईच्या आवाजातली सगळी रेकॉर्डिंग्ज एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवायची होती. कमांड लिहून झाली. त्यांनी ती वाचली, गॅलरीत जाऊन आले, पुन्हा वाचली. नवा फोल्डर खरंच बनलाय ना, हे परत परत तपासलं. शेवटी मलाच घाम फुटला.

"अहो, झालंय काय?"

"फोल्डर बनवायचा राहिला ना ताई, तर एकेक फाईल हलवताना प्रत्येक फाईल आधीच्या फाईलला पुसून तिच्या जागी बसते. विचारत पण नाही. शेवटची तेवढी उरते. मुलीच्या लहानपणीचे फोटो असेच गेले माझ्या हातून."

आणि ते मागे सरकले. "एंटर तुम्ही दाबा."

मी दाबलं. रेकॉर्डिंग्ज सगळी नीट पोचली. ते मात्र स्वतःच्या फोनकडे बघत होते. त्या फोनवर कायम एक हललेला फोटो असतो, अर्धा केक आणि कुणाचा तरी इवलासा हात. मला आपलं वाटायचं, या माणसाला धड फोटोसुद्धा निवडता येत नाही.