चर्चसमोरचा फोटो

हिंदी मुलखातल्या या शहरात, गुढियारी मोहल्ल्यात तीस वर्षं राहूनही आईनं इंग्रजांच्या काळातला तो चौक कधी धड पाहिला नव्हता. सदर बाजारला जाताना रिक्षातून दिसेल तेवढाच. मला जुन्या इमारतींचं भारी वेड, आणि ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायची खोडही. एप्रिलच्या एका दुपारी तिला हट्टानं घेऊन गेलो.

टाउन हॉलच्या कमानी दाखवून झाल्या, मग पलीकडचं जुनं चर्च. फाटकाशीच आईनं चप्पल काढली. आम्ही बौद्ध, विहारात अनवाणीच जायचं, ही तिची जन्माची सवय.

"आई, इथं लोक बूट घालूनच आत जातात," मी म्हणालो.

"जाऊ दे त्यायले. प्रार्थनेची जागा हाये ना? मले नाही जमत."

खरं सांगायचं तर मला ते आवडलंच. पांढऱ्या साडीतली अनवाणी आई, मागे उंच टोकदार खिडक्या. फोटो झकास येणार होता. तिला अंगणातल्या फरशीवर उभं केलं. जरा डावीकडे हो, हात जोड, वर बघ. मनोरा पूर्ण मावेना म्हणून मी मागे मागे सरकत राहिलो. माझ्या पायात बूट होते.

"झालं का रे?" तिनं विचारलं.

"बस, एक मिनट," मी ओरडलो.

तिला जुनी शुगर आहे. तळपायांना चटका कळत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, कारण रोज तिचे पाय तपासायचं काम माझंच.

संध्याकाळी पलंगावरच्या चादरीला ओला डाग दिसला. दोन्ही तळव्यांना आणि बोटांना फोड आले होते, काही फुटले होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिले आणि एक बोट वाचेल की नाही, सांगता येत नाही म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, "धूप में नंगे पैर क्यों खड़ी थीं?"

"चप्पल पहनना भूल गईं," मी म्हणालो.

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

"हव, मैं ही भूल गई," ती म्हणाली.

त्या क्षणाची लाज अजून जात नाही. मी तिथंच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

बोट गेलं. तो फोटो आईनं फ्रेम करून दाराच्या समोरच लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माह्या पोट्ट्यानं काढला."

त्यात तिच्या पायांची दहाही बोटं दिसतात.