नात पगारावर जव्हारला गेली

आखातात कामाला जायला पाड्यावरून निघालो तेव्हा बा एस्टीपर्यंत आला होता, अनवाणी. गाडी सुटताना खिडकीतून माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "फुकट कुणाचं काम करू नको. उपाशी परत ये, पण वेठ नको." बानं पोरवयात सावकाराच्या शेतावर वेठ केलेली, म्हणजे बिनपगारी राबणं, वर मार. आम्ही वारली. आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा.

पाड्यावरच्या मंडळींनो, आणि माझ्यासारख्या इकडे येऊन राहिलेल्यांनो, बाचं मी ऐकलं. रास अल खोरच्या गोदामात माल उतरवायचो. सुट्टीच्या दिवशी फोरमन हाक मारायचा, "हबीबी, थोडा हेल्प करो, यल्ला." मी पेटीवर बसून राहायचो. "पहले बोलो, पैसा मिलेगा?" बाकीचे हसायचे. हसू देत. शाळा दुसरीपर्यंत, पण मान ताठ.

आता मुलाकडे डिस्कव्हरी गार्डन्सला असतो. नाव गार्डन्स, आणि मी चौथ्या मजल्यावर काचेच्या आत. व्हिसा मुलाच्या जिवावर, गोळ्या सुनेच्या हातात. एकटा खाली उतरलो की वॉचमन मुलाला फोन करतो. तरणा होतो तेव्हा अंधारात डोंगर चढायचो, कुणाला सांगून गेलो नाही कधी.

नात मनीषा इथंच वाढली. पुण्याला वकिली शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिला दोन कामं चालून आली होती. एक इथल्याच जुमेरा लेक टॉवर्समधल्या बड्या वकिली ऑफिसात, पगार नाही. दुसरं जव्हारच्या एका वकीलबाईंकडं, वनजमिनीच्या दाव्यांचं. ते फक्त आदिवासी विद्यार्थ्यांसाठी, आणि पगारी.

मुलगा म्हणाला, "मने, इथलं नाव सीव्हीवर चमकतं. तिकडं जाऊन आदिवासी म्हणून शिक्का कशाला मारून घेतेस? इथं कुणाला माहीतही नाही आपण कोण."

"डॅड, आय नो हू वी आर."

"एक्सपोजर बघ जरा."

मी विचारलं, "एक्सपोजर म्हणजे पगार का?"

"बाबा, सुरुवातीला सगळे फुकटच करतात."

"मग ही वेठच झाली की. टाय लावलेली."

सून हसली. मुलगा हसला नाही. मी ताटावरून उठलो आणि मनीचं ठरेपर्यंत जेवायला बसलो नाही. हट्टी आहे मी, तुम्हाला माहीतच आहे.

मनी जव्हारला गेली. मीही पिशवी भरली होती. मुलानं तिकीट काढलंच नाही. "बाबा, गुडघे बघा तुमचे. तिथं कोण उचलणार तुम्हाला? खलास, विषय संपला." भांडलो. पण त्याचं चुकलं असंही म्हणता येईना. खिडकीच्या काचेपेक्षा हे मान्य करणं जड.

परवा मनीचा व्हिडिओ कॉल आला. दाव्याच्या कामासाठी आपल्याच पाड्यावर गेली होती. एका म्हातारीनं तिला विचारलं, "कुणाची गं तू?" मनीनं माझं नाव सांगितलं, बाचंही सांगितलं. मोडक्या मराठीत, पण न लाजता. म्हातारी सरकली आणि खाटेवर तिला जागा केली. घर म्हणजे काय विचाराल तर माझ्यापुरतं आता एवढंच. माझं नाव घेतल्यावर तिथं अजून कुणीतरी सरकून जागा देतं.

मग म्हातारी फोनमध्ये डोकावून ओरडली, "आणि तू कधी येतोस रं?"



"आवाज येत नाही," म्हणालो आणि फोन बंद केला. आवाज चांगला खणखणीत येत होता.