खंडेनवमीला पूजलेला फोन

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, फौजेत सतरा वर्षं सिग्नल्समध्ये होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तेही आधीच सांगत. पाहुणा उंबऱ्यात चपला काढेपर्यंत त्याला कळलेलं असे की या माणसानं कंबरभर बर्फात तारा ओढल्यात आणि बंदुका चालू असताना साहेबाला साहेबाशी बोलायला लावलंय. पाणी नंतर मिळे.

बहात्तरचा दुष्काळ होऊन तीन-चार वर्षं झाली होती. वडूजकडच्या आमच्या गावात तेव्हा फोन मोजून दहा-बारा. अर्ज करून तात्या थकले तेव्हा कुठे आमच्याकडे फोन आला. काळा, जड, बाजूला हँडल असलेला. हँडल फिरवलं की एक्स्चेंजमध्ये घंटी वाजायची, मग ऑपरेटर आपल्याला हवा तो नंबर जोडून द्यायचा. तात्यांनी सुताराकडून फोनसाठी सागवानी पेटी करून घेतली, तिला कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. आमच्या आईचे दागिनेही कधी कुलपात नव्हते. अर्थात तेवढे दागिने तिच्याकडे नव्हतेच.

मी बी.एड. होऊन घरी बसले होते. तेवीस वर्षांची, गणिताची, आणि स्थळं बघायला येणाऱ्यांना पोहे देऊन कंटाळलेली. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत माझी मुलाखत झाली. त्यांच्या गणिताच्या बाई मध्येच सोडून गेल्या होत्या आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून वर्गावर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. माझ्या अर्जावर तात्यांनी फोन नंबर लाल शाईनं, खाली दोन रेघा मारून लिहायला लावला होता. संस्थेच्या सेक्रेटरींना त्याचं फार कौतुक वाटलं. ते म्हणाले, "घरी फोन आहे हे बरं झालं. दसरा झाला की शुक्रवारी अकराच्या सुमारास फोन करतो. तुमची निवड झाली असेल तर तिथल्या तिथं हो म्हणा. नाही तर दुसऱ्या बाईंना तार करतो. पत्रापत्रीला वेळ नाही."

म्हणजे माझी नोकरी, माझी सांगली आणि पोह्यांपासूनची माझी सुटका, सगळं त्या सागवानी पेटीत येऊन बसलं.

सोमवारी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पूजतात. विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. फौजी घर असल्यामुळे तात्यांचा पट्टा आणि बिल्लेही ओळीत असत. त्या वर्षी तात्यांनी फोन पाटावर मांडला. "सिग्नलवाल्याचं हत्यार ह्येच," ते म्हणाले. फोनला हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ घातली. इथवर ठीक होतं. मग त्यांनी कोयत्यासमोर फोडायचा नारळ फोनवर धरून फोडला आणि पाणी फोनच्या डोक्यावर सोडलं. आई म्हणाली, "आवं, आत जाईल की." तात्या म्हणाले, "जाऊ दे. तीर्थ हाय."

पूजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही ही आमच्याकडची रीत. तीर्थ आत, फोन पाटावर, आणि ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट त्याच्यावर.

मंगळवारी सोनं वाटून झाल्यावर तात्यांनी फोन पेटीत ठेवला, हँडल फिरवलं, रिसिव्हर कानाला लावला आणि म्हणाले, "हॅलो." पुन्हा म्हणाले, "हॅलो." मग मिशीला हात लावून म्हणाले, "लाइन गेली."

आता वाचणाऱ्याला काय झालं ते कळलंच असेल. आम्हाला कळायला चार दिवस लागले, कारण आमच्या घरात तज्ज्ञ होता.

त्याच संध्याकाळी शेजारचे चाचा सोनं द्यायला आले. स्टोव्ह, कंदील, बॅटऱ्या दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. दरवर्षी दसऱ्याला ते येत आणि तात्या ईदला त्यांच्याकडे जात. चाचांनी पेटीत डोकावून बघितलं. रिसिव्हर ठेवायच्या खोबणीत दोन बटणं असतात. रिसिव्हर उचलला की ती वर यायला हवीत, तरच कान आणि तोंड दोन्ही चालू होतात. चाचांनी एक बटण बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "आवं तात्या, ह्ये बटान वर यीना झालंय. पानी सुकून चिकाटलंय, दुसरं काय न्हाई. राकेलचा बोळा फिरवा."

तात्या हसले. फौजेतून आलेलं ते खास हसू, ज्यात समोरचा माणूस बिनहुद्द्याचा होऊन जातो. "चाचा, ह्यो स्टोव्ह न्हवं, पिन मारली की झालं म्हनायला. ही सिग्नलची मशिनरी हाय. आदी फॉल्ट शोदावा लागतो." चाचांनी चहा घेतला आणि गेले. त्यांना काय, त्यांची नोकरी अडकली नव्हती.

बुधवारी फॉल्ट सेलमध्ये होता. तात्यांनी फोनचे दोन्ही सेल काढून उन्हात वाळत घातले, कुरडया घालतात तसे, आणि कावळ्यांनी नेऊ नयेत म्हणून आईला राखणीला बसवलं. सेल तापले, आई तापली, फोन तसाच राहिला. दुपारी एक्स्चेंजमधून पोस्टमनच्या हाती ऑपरेटरचा निरोप आला : तुमच्याकडून घंटी येते, पण आवाज येत नाही, लाइनमन पाठवू का? तात्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर लिहून दिलं : "आवश्यकता नाही. तपास चालू आहे." खाली सही, सहीखाली हुद्दा.

मी म्हटलं, "तात्या, येऊ द्या की लाइनमन. शुक्रवार परवावर आलाय."

"म्या जित्ता असताना ह्या घरातला फोन दुसरं कोन खोलनार न्हाई," ते म्हणाले. माझ्या नोकरीपेक्षा ही प्रतिज्ञा मोठी होती हे उघड होतं.

गुरुवारी फॉल्ट अर्थिंगमध्ये गेला. भिंतीबाहेर जमिनीत रोवलेला लोखंडी गज होता, त्याची माती कोरडी पडली म्हणे. प्यायचं पाणी आम्ही अर्ध्या मैलावरच्या आडातून आणायचो. त्यातल्या सहा घागरी त्या गजाला घातल्या. गजाशेजारची पपई त्या वर्षी चांगली धरली, एवढा एक फायदा. संध्याकाळी तात्यांना वाटलं की लिंबाची फांदी तारेला टेकते आहे. कोयता घेऊन ते स्वतः वर चढले आणि फांदी तोडली. त्यानंतर दारातली सावली गेली. आवाज आला नाहीच.

चाचांचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. तात्यांचा डोळा लागला तेव्हा मी राकेलचा बोळा घेऊन पेटीपाशी गेलेही होते. पेटीला कुलूप, आणि किल्ली घोरणाऱ्या बंडीत. मी परत फिरले. खरं सांगायचं तर नुसत्या कुलपानं फिरले नाही. सतरा वर्षं म्हणजे काही कमी नाही, यांना कळत असेल, असं मलाही वाटत होतं. बी.एड. झालेली मी.

शुक्रवारी दहालाच तात्या इस्त्रीचा सदरा घालून पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. अकरा वाजून गेल्यावर फोन खणखणला. घंटी अगदी झकास वाजली. घंटीला काही झालंच नव्हतं. तात्यांनी रिसिव्हर उचलून माझ्या हातात दिला. मी हॅलो म्हणाले. पलीकडे काही नाही. श्वाससुद्धा नाही.

"ऐकू येत नाही तात्या."

"तुला येत न्हाई. त्यास्नी जात असनार. वन-वे झालंय. तू मेसेज सांग."

मग मी मेलेल्या फोनमध्ये, ताठ उभी राहून, स्पष्ट उच्चारात म्हणाले, "होय साहेब, मी येते. सोमवारी हजर होते. आभारी आहे." आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तात्यांनी रिसिव्हर घेऊन खाली ठेवला. "झालं. मेसेज पास."

तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली.

"कन्फर्म करत असतील," तात्या म्हणाले. "पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आभारसुद्धा पुन्हा मानले. तिसरी घंटी वाजली तेव्हा मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "पळ." मी अनवाणीच पळाले.

एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या बाजूची खोली. ऑपरेटर कानाला यंत्र लावून बसला होता. मला बघताच म्हणाला, "आवं ताई, तीनदा जोडून दिलं. तुमी उचलताय आन् गप बसताय. सांगलीचं सायब लय तापलं. म्हनलं, पोरीच्या मनात दिसत न्हाई, दुसरीला तार करतो."

मी त्याच्या हातापाया पडायचीच बाकी होते. त्यानं सांगलीला अर्जंट कॉल लावला. तोवर मी खिडकीपाशी उभी. पोस्टात मनीऑर्डरींचा दिवस होता, पंधरा-वीस माणसांची रांग होती, त्यातली निम्मी तात्यांकडून बर्फातल्या तारांची गोष्ट ऐकलेली. पाव तासानं तात्या आले. पळाल्यासारखं दिसू नये म्हणून सावकाश पळत आले. आणि त्याच वेळी सांगली लागली.

ऑपरेटरनं रिसिव्हर खिडकीतून बाहेर दिला तो तात्यांच्या हातात. बापाच्या हातात देतात तसा. तात्यांनी छाती भरून घेतली.

"हॅलो सांगली! माजा आवाज कसा येतुया? ... व्हय, वडील बोलतुया. म्या सोता सिग्नल्सचा मानूस. काय हाय सायेब, हितली लाइनच खराब. आमच्या घरातल्या इन्स्ट्रुमेंटला काय बी झालेलं न्हाई. एक्स्चेंजपासनं फुडं फॉल्ट हाय, म्या अर्थिंग चेक केलं, सेल चेक केलं..."

तीन मिनिटांचा कॉल. ऑपरेटर घड्याळाकडे बघत होता आणि एक बोट वर करत होता : एक गेलं. तात्या अर्थिंगच्या घागरींवर आले होते. दुसरं बोट वर झालं. तात्या फांदीवर.

मी त्यांच्या हातातून रिसिव्हर काढून घेतला. ओढूनच घेतला. त्यांच्या हातातून असं काही मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं.

"साहेब, मी येते," मी म्हणाले. "सोमवारी हजर होते."

"अहो मग मघाशी बोलत का नव्हता?" पलीकडून विचारलं.

"लाइन चांगली आहे साहेब. ऑपरेटरही चांगले आहेत. आमच्या वडिलांनी फोनवर नारळ फोडला, पाणी आत गेलं, आणि चार दिवस त्यांना ते कळलं नाही. स्टोव्हवाल्या चाचांना एका मिनिटात कळलं होतं."

पलीकडे सेक्रेटरी हसले. ऑपरेटर हसला. मग रांग हसली. मनीऑर्डर भरायला आलेली एक म्हातारी, जिला काहीच कळलं नव्हतं, तीही हसली. "या सोमवारी," सेक्रेटरी म्हणाले आणि कॉल संपला.

येताना तात्या माझ्या वीस पावलं पुढं चालले. मी हाक मारली नाही, कारण मला फार आनंद झाला होता. दुपारी लाइनमन आला, त्यानं राकेलचा बोळा फिरवला, बटण टुणकन वर आलं. तात्या त्या वेळी परसात पपईपाशी उभे होते. आत आले नाहीत. पेटीची किल्ली त्यांनी संध्याकाळी आईच्या पुढ्यात ठेवली.

ही गोष्ट मी सांगलीच्या स्टाफरूममध्ये नोकरीभर सांगितली. नवी बाई रुजू झाली की मला फर्माईश व्हायची. दरवर्षी मी तिच्यात थोडं मीठमसाला घालत गेले. एक मात्र कधी सांगितलं नाही. नोकरी "मी येते" एवढ्यावरच मिळाली होती. साहेबांना "फोन बिघडला होता" म्हटलं असतं तरी चाललं असतं. नारळ आणि चाचा मी सांगलीसाठी बोललेच नव्हते, मागच्या रांगेसाठी बोलले होते. तात्यांना लागावं म्हणून बोलले होते, आणि ते लागलं.

सांगलीहून मी महिन्यातून एकदा घरी ट्रंक कॉल करायची. फोन आई उचलायची. पावसापाण्याचं झालं की मी विचारायची, "तात्या कुठे आहेत?"

"हायत की. हितंच बसल्यात, शेजारी."

"दे त्यांना."

मग आई त्यांना म्हणे, "आवं, पोरगी बोलतीया, घ्या." रिसिव्हर पुढे केल्याचं मला कळे, कारण घरातले सगळे आवाज जवळ येत. बाहेर कोंबडी ओरडलेली ऐकू येई. खुर्ची सरकलेली ऐकू येई. मग पुन्हा आईच म्हणे, "त्ये म्हनत्यात, बरं हाय म्हनून सांग."

समोर भेटलं की तात्या माझ्याशी चांगलं बोलत. सुट्टीत एस.टी. स्टँडवर न्यायला येत, माझ्या शाळेचं गावाला कौतुक सांगत. फोनवर मात्र शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.