बदरूभाईंनी निवडलेलं काडतूस

अबू धाबीतल्या एका शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी हिशेब सांभाळतो. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. मी संगमनेरचा. आमच्याकडे दिवाळीचे फटाके सोडले तर कुणाचा दारूशी संबंध आला तो बाटलीतल्याच.

काउंटर सांभाळायचे ते बदरुद्दीन परकार. दाभोळच्या खाडीकाठचे, साठीला टेकलेले, पांढरी आखूड दाढी, आणि स्वभाव असा की दुकानात मांजर शिरलं तरी 'या, बसा' म्हणतील. गिऱ्हाईक आत आलं की मालकाला सलाम करायचं आणि प्रश्न विचारायचं बदरूभाईंना. इथे शिकारीला बंदी, त्यामुळे हे लोक शिकारीला परदेशी जातात. कुणी जॉर्जियाला रानबकऱ्यामागे, कुणी आफ्रिकेत. जाण्याआधी सगळ्यांची पायधूळ आमच्याकडे.

हमीदाभाभी, म्हणजे त्यांची बायको, मासळीबाजारात पापलेटाचा कल्ला उघडून बघतात ना, तेवढ्या गंभीरपणे बदरूभाई काडतूस निवडायचे. आधी विचारायचे, जनावर कोणतं? किती लांबून मारणार? मग कपाटातली दोन-चार काडतुसं काढून हिरव्या कापडावर उभी करायची. "हलक्या जनावराला भारी काडतूस मारलं तर मटणाची चटणी होते," ते मला सांगायचे, "आणि भारी जनावराला हलकं मारलं तर जनावराचे हाल. शिकाऱ्याची हौस होते, पण जीव जातो तो त्या मुक्याचा."

स्वतः मात्र त्यांनी दुकानातल्या बंदुकीचा एक बार काढलेला नाही. परवाना इथल्या नागरिकालाच. यांनी बंदूक उचलून दाखवायची, पुसायची, पुन्हा कपाटात ठेवायची. मी चिडवायचो, "बदरूभाई, तुम्ही म्हणजे मधुमेही हलवाई." ते हसायचे. "घाटावरच्या माणसाला काय कळणार," म्हणायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये बू राशिद आले. बू राशिद म्हणजे राशिदचा बाप. इथे बड्या माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. जुने गिऱ्हाईक, हिंदी त्यांची आपली स्वतःची. सोबत राशिद होता. वीस वर्षांचा, उंच, लाजाळू, बापाच्या मागे अर्धं पाऊल उभा राहणारा. त्याला पहिल्यांदाच कॅनडाला शिकारीला न्यायचं होतं. एल्क मारायला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, अंगाने घोड्याएवढा.

"बदर, तीन सौ मॅग्नम दे दो इसको," बू राशिद म्हणाले. "हमारा भी वही है. एक गोली, जनावर खलास."

तीनशे मॅग्नम हे मोठं काडतूस. दारू जास्त, गोळी जड, खांद्याचं हाड फोडून आत जाणारी. एवढं मलाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. बदरूभाईंनी ते काढून कापडावर ठेवलंसुद्धा. तेवढ्यात बू राशिद मोठ्या खुशीत सांगायला लागले, की तिकडे त्यांचे भाचे शिकतात, सगळे डोंगरात जमणार, राशिदच्या पहिल्या शिकारीचं मटण तिथेच शिजणार. गोळी झाडताना बिस्मिल्ला म्हणायचं, की हलाल.

"बिलकुल, बिलकुल," बदरूभाई म्हणाले. पण त्यांचा हात मॅग्नमवरून उठला. जरा वेळ ते कपाटापुढे पाठमोरे उभे राहिले. मग त्यांनी दुसरं काडतूस आणून ठेवलं, बारीक, सडपातळ. दुकानात त्याला आम्ही सिक्स-फाइव्ह म्हणतो.

"बू राशिद, मेरी मानो तो यह लो. मॅग्नम का धक्का बहुत है. नया लडका है, डर जाएगा, निशाना बिगडेगा. इससे भी एल्क गिरता है, लोग मारते हैं."

यात खोटं काही नव्हतं. लोक मारतात, पण जवळून, आणि मुरलेले लोक. लांबच्या माऱ्याचं काय, हे बदरूभाईंनी त्या दिवशी विचारलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो प्रश्न गाळला. मला वाटलं, वय झालं, विसरले असतील. राशिद खूश झाला, कारण धक्का कमी. बू राशिदनी खांदे उडवले. "बदर बोलता है तो यल्ला, वही दो."

ऑक्टोबरात बापलेक परत आले ते सिक्स-फाइव्हसोबत घेतलेली बंदूक विकायला. राशिदने ती काउंटरवर ठेवली आणि तो दाराजवळ जाऊन उभा राहिला. बदरूभाईंनी खुर्च्या ओढल्या, थर्मासमधून गहवा, म्हणजे इथली कॉफी, ओतला आणि शिकार कशी झाली ते विचारलं.

"क्या शिकार!" बू राशिद म्हणाले. "घळीच्या पलीकडून मारलं. खांद्याला लागलं. जनावर पडलं, उठलं, पळालं. रक्ताच्या मागे फिरलो, वरून बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं." हे सगळं त्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं, हातवारे करून, आणि शेवटी मुलाकडे बोट केलं. "इसका हाथ काँपा. दिल नहीं है इसके पास. भाचों के सामने मेरा मुँह काला किया."

राशिद बाहेरच्या गाड्या बघत राहिला.

"गाईड क्या बोला?" बदरूभाईंनी विचारलं.

"वो बोला काडतूस छोटा था, हड्डी पे रुक गया. झूठा आदमी! अपनी गलती छुपाता है. हमने बोला, काडतूस हमारे बदर ने चुना है. बदर कभी गलत नहीं होता."

आता बदरूभाई बोलतील, असं मला वाटलं. गाईड बरोबर बोलला, एवढंच तर म्हणायचं होतं. माणूस काय म्हणाला? "और गहवा लीजिए." बस्स. कागद झाले, बंदूक कपाटात गेली, बापलेक निघाले. दार बंद होण्याआधी बू राशिद मुलाला अरबीत काहीतरी बोलले आणि मुलाने मान आणखी खाली घातली.

माझं टाळकंच सरकलं. मी मुसफ्फाला राहतो, तेही तिकडेच, रोज माझ्याच गाडीतून घरी जातात. गाडीत बसल्याबरोबर मी सुरू झालो. "बदरूभाई, लाज वाटत नाही? पोरगं तुमच्यापायी बोलणी खातंय आणि तुम्ही गहवा ओतताय? चुकलं तर चुकलं म्हणायचं. विसर सगळ्यांनाच पडतो."

"विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी गावात त्यांच्या चाचांकडे शेतीच्या राखणीची बंदूक होती. चोरून भेकर मारायचे. चाचांचा नियम एकच: गोळीने मेलेलं आपल्याला चालत नाही, जीव असेपर्यंत सुरी फिरली पाहिजे. सुरी घेऊन झाडीतून धावायचं काम बदरूभाईंचं. पोचेपर्यंत भेकर गेलं असेल, तर ते सगळंच्या सगळं कुणबीवाडीत जायचं, आणि घरात त्या दिवशी डाळ शिजायची. म्हणून चाचा मुद्दामच दारू कमी ठासायचे. जनावर पडावं, पण लगेच मरू नये.

"इथले लोक म्हणतात, बिस्मिल्ला म्हणून गोळी झाडली की झालं. त्यांचे मौलवी तसं सांगत असतील, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या मनाला ते कधी पटलं नाही, संजय. बू राशिद म्हणाले सगळे भाचे जेवणार, पोराची पहिली शिकार. मला वाटलं, मॅग्नम लागलं तर जनावर जागेवर मरणार आणि हे सगळे हराम खाणार. सिक्स-फाइव्हने ते पडेल, थोडा वेळ जगेल, कुणीतरी सुरी फिरवेल. पुण्यच मिळेल मला, असं वाटलं."

"मग तसं त्यांना सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर हसले असते. म्हणून धक्क्याचं निमित्त केलं." ते खिडकीकडे तोंड करून बसले. "भेकर कुत्र्याएवढं असतं रे. चाचा वीस पावलांवरून मारायचे. इतकी वर्षं मी लोकांना हेच तर शिकवत आलो, आणि स्वतःच... मला तोंड दाखवायची लाज वाटते. त्या पोराच्या पाठीकडेसुद्धा बघवत नव्हतं."

रागवायला आलो होतो, पण माणूस आधीच जमिनीत गेला असेल तर त्याला आणखी काय पुरायचं?

पुढचे काही दिवस दुकानात बघवत नव्हते ते. गिऱ्हाईकाने विचारलं, कोणतं घेऊ, की म्हणायचे, डब्यावर लिहिलंय, वाचा. मालक वैतागला. हमीदाभाभींनी मला फोन केला, "भाऊ, हे जेवत नाहीत, विचारलं तर म्हणतात दात दुखतो." शेवटी एका शुक्रवारी नमाजनंतर त्यांचाच फोन आला. "संजय, बू राशिदच्या मजलिसला जायचंय. तू गाडी घेऊन चल. मी टॅक्सीने निघालो तर वाटेतून परत येईन."

मजलिस म्हणजे घराची पुरुषांची बैठक, भिंतीला लागून गाद्या, येईल त्याला कॉफी. दहा-बारा जण बसले होते. राशिद रिवाजाप्रमाणे उभा राहून कॉफी ओतत होता. आम्ही बसताच शेजारच्या एका म्हाताऱ्याने त्याला हसत काहीतरी विचारलं आणि बाकीचेही हसले. बदरूभाईंचा चेहरा उतरला. मला अर्थ विचारावा लागला नाही.

राशिदने बदरूभाईंना पेला दिला. त्यांनी तो घेतला आणि न पिता समोर खाली ठेवला. बैठक गप्प झाली. या लोकांत ही जुनी रीत आहे: पाहुण्याने पेला न पिता ठेवला, म्हणजे त्याला काही मागायचंय, आणि यजमान हो म्हणेपर्यंत तो पिणार नाही.

बू राशिद खूश झाले. त्यांना वाटलं, नातेवाइकाचा व्हिसा वगैरे असणार. "पियो बदर, पियो! जो माँगेगा, मिलेगा."

"माफी चाहिए," बदरूभाई म्हणाले. "लेकिन आपसे बाद में. पहले राशिद से."

आणि उठून उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, अरबीत, सगळ्यांना कळेल असं. मधूनमधून शब्द अडायचे, घाम पुसायचे, पण सांगत राहिले. चाचा, सुरी, मॅग्नमवरून उचललेला हात, धक्क्याचं खोटं निमित्त. काही सोडलं नाही. शेवटचं मात्र हिंदीत, राशिदकडे बघत. "बेटा, तेरा हाथ नहीं काँपा था. गोली सही जगह लगी थी. काडतूस मैंने छोटा दिया था. जान के दिया था."

बू राशिदनी दाढी कुरवाळली. बोलले तेव्हा आवाज उंच नव्हता. "बदर, आमच्या ताटात काय हलाल, ते तू ठरवलंस? आम्हाला न विचारता?"

"हां."

"नीयत अच्छी थी," ते म्हणाले. "खलास. अल्ला माफ करेगा. पियो." मोठ्या मनाचा माणूस, पण मुलाकडे त्यांना बघवेना. ज्या पोराला महिनाभर भित्रा म्हटलं, त्याला सगळ्यांसमोर काय म्हणणार? ते नुसते गादीची शिवण चाचपत बसले.

राशिद कॉफीची किटली हातात धरून तसाच उभा होता. तो इंग्रजीत बोलला, हळू, फक्त बदरूभाईंशी.

"तुम्हाला ते जिवंत मिळायला हवं होतं?"

"हां, बेटा."

"मिळालं जिवंत. ओढ्यात पडलं होतं, पुढचा पाय लोंबत होता. गाईड गोळी घालणार होता. बाबा म्हणाले, जिवंत आहे, तर सुरीच फिरव. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ते माझ्याकडे बघत होतं. रात्रभर असंच पडलं असणार." त्याने किटली खाली ठेवली. "हलाल झालं, अंकल. पण जखम चिघळून मटणाला वास यायला लागला होता. कुणीच खाल्लं नाही."

माफीचं बदरूभाई विसरले, की पुन्हा मागायची हिंमत झाली नाही, मी अजून विचारलेलं नाही. राशिद आत निघून गेला. बू राशिद पुन्हा म्हणाले, "पियो, बदर." त्यांनी माफ केलं होतं, सगळ्यांसमोर शब्द दिला होता, आता न पिणं हा घराचा अपमान झाला असता. बदरूभाईंनी दोन्ही हातांनी पेला उचलला आणि सगळ्यांच्या देखत, एक-एक घोट करत, ती कॉफी संपवली.