दुबईचं अस्वल आणि टॉवेलचा हत्ती

आत्याचे यजमान दुबईहून मऊ, तपकिरी अस्वल घेऊन आले. लेकीसाठी आणलंय असं ते सगळ्यांना सांगत. प्रत्यक्षात ते आलं शोकेससाठी. प्लास्टिकच्या पिशवीसकट ते काचेआड बसलं आणि माझ्या आतेबहिणीला काचेला नाक लावून खेळायची पूर्ण मुभा मिळाली.

माझ्याकडे हत्ती होता. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तिथला एक डागी टॉवेल आईनं कापला, आत चिंध्या कोंबल्या आणि कापड संपलं म्हणून सोंड मोज्याची लावली. पाहुण्यांना तो डुक्कर वाटायचा. आतेबहीण मात्र दर रविवारी त्या डुकरासाठीच आमच्याकडे यायची आणि जाताना रडायची.

आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर ती पुण्यात जुनी सॉफ्ट टॉइज जमवते. तिच्या ग्रुपवर अशी बरीच कर्ती माणसं आहेत. एकमेकांना सशांचे फोटो पाठवतात आणि कानाच्या शिलाईवरून भांडतात. तिथं तिच्या अस्वलाला भारी मान, कारण त्याला आजवर कुणी हात लावलेला नाही. बालपण कोरडं गेलं, पण अस्वल कोरं राहिलं.

गेल्या महिन्यात ती सोलापूरला आली ती हत्ती मागायलाच. हत्ती तेव्हा आईच्या दुखऱ्या गुडघ्याखाली होता. कित्येक वर्षं त्याची तीच नोकरी. बहिणीनं पर्समधून पांढरे हातमोजे काढून चढवले. त्याला काचेच्या पेटीत कसं ठेवणार, खाली माहितीची पाटी कशी लावणार, हे तिनं आईला समजावलं. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे कुणी हात लावायचा न्हाय?"

"नाही ना मामी."

"मग न्हाय देत."

बहिणीचा चेहरा असा पडला, की आईलाच वाईट वाटलं. तिनं मला कपाटातून आहेरात आलेला कोरा टॉवेल काढायला लावला आणि मशीनवर बसली. सुई मी ओवून दिली. दुपारपर्यंत नवा हत्ती उभा राहिला. म्हणजे कलला, कारण एक पाय आखूड झाला होता. संग्रहाच्या दृष्टीनं याला काही किंमत नाही, असं बहिणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मग ती त्याला पोटाशी धरून संध्याकाळपर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या बसमध्ये तिनं बॅग वर टाकली आणि हत्ती मांडीवर घेतला. ग्रुपवर त्याचा फोटो मात्र अजून पडलेला नाही.