काळी बिअर, तळलेले बोंबील

आखाती देशातल्या फरीज बिन ओमरान या वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बिअर उकळायची असली की बायको सुके बोंबील तळायची. माल्ट उकळताना भाजक्या पावासारखा गोड वास सुटतो आणि दाराच्या फटीतून मजलाभर पसरतो. बोंबलापुढे तो टिकत नसे. शेजारी नाक मुरडत, पण चौकशी करत नसत.

घरी दारू करणं इथे गुन्हा आहे. नोकरी जाते, देशाबाहेर काढतात. बायको आणि मुलगी माझ्याच व्हिसावर, आणि मुलीचं दहावीचं वर्ष. हे ठाऊक असूनही मी आणि माझा मित्र ते करत होतो. मित्र ऑफिसातला, मूळचा नाशिकचा. ट्रेनिंगसाठी बेल्जियमला गेला असताना तिथली गडद, कडक बिअर त्याला आवडली होती. यीस्टची पाकिटं त्याने आणली. माल्टचा अर्क बेकरीच्या सामानात मिळाला. रंगासाठी तिकडे साखरेचा करपवलेला पाक घालतात. आम्ही सासूबाईंनी कराडहून दिलेली काकवी काळी पडेपर्यंत आटवली. बोंबील कशासाठी तळतात, हे आम्हा तिघांनाच माहीत होतं.

ही बिअर लगेच पीत नाहीत, बाटलीत मुरू देतात. दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं. बाटल्या आमच्या स्टोअररूममध्ये राहिल्या. उन्हाळ्यात आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला किल्ली मित्राकडे दिली.

परत आल्यावर लिफ्टमध्ये आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ भेटले. तेही आमच्याच ऑफिसातले.

"काय हो, वहिनी आल्या ना? मग बोंबील कधी?"

"तुम्हाला मासे चालतात?"

"मासे कोण मागतंय! लुसैलला चाखली की आम्ही. साहेबांनी तर दोनदा मागून घेतली. घाबरू नका, आपलं तोंड बंद."

मजला आला. ते हसत बाहेर पडले.

मित्र आमच्या सुट्टीतच लुसैलच्या नव्या घरात राहायला गेला होता. स्टोअररूममध्ये बाटल्यांची पुढची रांग जशीच्या तशी होती. मागे भिंत दिसत होती. मी त्याला फोन केला.

"अरे, आपलीच माणसं," तो म्हणाला. "साहेब खूश झाले. आपली मेहनत वाया गेली नाही."

"कुठे बनते, ते कोणी सांगितलं?"

"विचारलं त्यांनी. माझ्याकडे बनत नाही, एवढंच म्हणालो."

"आणि बोंबील?"

"ते गमतीत निघालं रे. सगळे इतके हसले!"

"माझं नाव सांगितलंस."

"मग काय माझं सांगू? इथे प्रत्येक मजल्यावर कॅमेरे आहेत. तुझी बिल्डिंग जुनी, तुला कोण विचारतंय? आणि हे बघ, दिवाळीला साहेब पुन्हा येणार आहेत. उरलेल्या जपून ठेव."

मी फोन ठेवला, बायकोला सगळं सांगितलं आणि उरलेल्या बाटल्या बाथरूममध्ये नेल्या. बिअर काळीभोर झाली होती, फेस घट्ट होता. एकेक बाटली मोरीत ओतली. चव घेतली नाही. काकवीचा वास घरभर झाला. अभ्यासाच्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, व्हॉट्स दॅट स्मेल?"

बायकोने सवयीने तवा ठेवला, बोंबलाची पिशवी काढली. मग पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं आणि गॅस बंद केला.

"नको," ती म्हणाली. "आता त्यांना हाच वास ओळखू येतो."