अण्णांच्या उशाचा तांब्या

दिघीला आम्ही पत्र्याच्या एका खोलीत राहायचो, तेव्हा संडास गल्लीच्या टोकाला होते. सगळ्या गल्लीला मिळून दोन. सकाळी रांग, संध्याकाळी रांग. म्हणून आमच्या घरात पाणी बेतानं प्यायची शिस्त होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये पहिल्या शिफ्टला निघताना दोनच घोट घ्यायचे आणि आम्हाला सांगायचे, "तहान दमवली की दमती." धाराशिवकडून आलेला, सातवी शिकलेला माणूस. त्याच खोलीतून त्यांनी मला बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी आजही मान वर करून सांगते.

अण्णांना जाऊन दीड महिना झाला...

पुढं चिंचवडला फ्लॅट झाला, संडास घरात आला, मी चाकणला कंपनीत क्वालिटीला, पार्ट तपासायला लागले. गेल्या वर्षी अण्णांची उजवी बाजू लुळी पडली. आईचे गुडघे गेलेले, तिला त्यांना उठवणं जमेना आणि मी दिवसभर कामावर. घरी सांभाळायला माणूस देणाऱ्या एका संस्थेला फोन केला. माणूस पाठवण्याआधी त्यांची सिस्टर येऊन बघणार होती, की अण्णांना काय जमतं आणि कशाला दुसऱ्याचा हात लागतो.

कंपनीत ऑडिटच्या आदल्या दिवशी फरशी धुतात, मोडक्या ट्रॉल्या शेडमागं ढकलतात. मी घरात तेच केलं. अण्णांची दाढी केली, चादर बदलली, संडासची भोकाची खुर्ची बाल्कनीत नेऊन झाकली. आईनं त्यांना पांढरा शर्ट घालून बटणं लावली.

"काका, शर्ट स्वतः घालता?" सिस्टरनी विचारलं.

"मग? शेजाऱ्यानं घातला का काय!"

आई पदराआड हसली, मीही हसले.

"संडासला कोण नेतं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. जन्मात कुणाकडं काही न मागितलेल्या माणसाची ती नजर... मी पटकन म्हणाले, "भिंतीला धरून जातात."

"आणि पाणी?"

"भरपूर. तांब्या उशाशीच असतो."

तांब्या होता खरा, काठोकाठ भरलेला. सिस्टरनी तो बघितला, मग मला म्हणाल्या, "ताई, ही परीक्षा नाहीये. त्यांना काय लागतं, तेवढंच मला सांगा." मला रागच आला. मी शिकलेली बाई, मला काय सांगता? मी त्यांच्या फॉर्मवर सही केली. सकाळी आंघोळीपुरता एक तास माणूस मिळाला. अण्णा खूश. "दिवसभर कशाला लागतंय माणूस? मी काय लेकरू हाय का?"

उरलेला दिवस ते दिघीच्या शिस्तीवर काढायचे. आईला आपल्याला उठवावं लागू नये, म्हणून प्यायचंच नाही. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं, की अख्खा तांब्या एका दमात संपवायचे. मला बरं वाटायचं, माझ्या हातचं पाणी गोड लागतं म्हणून. आईनं नंतर सांगितलं, "मी तांब्या पुढं केला की म्हणायचे, पोरगी आली की पितो."

लघवीचा संसर्ग झाला, ताप डोक्यात गेला, आठ दिवस दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती प्यायचे? मी 'भरपूर' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उशाशी भरलेला तांब्या रोज दिसत होता. तो मी येईपर्यंत भरलेलाच का असतो, हे मी आईला एकदाही विचारलं नाही. दिवसभर कंपनीत पार्ट तपासणारी मी.

तेरावं झाल्यावर आईसाठी त्याच सिस्टरना बोलावलं. या वेळी काही आवरलं नाही. खुर्ची होती तिथंच राहू दिली. आई सुरू झालीच, "मला काय धाड भरलीय?" मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "आई, मी अण्णांच्या वेळी खोटं बोलले. तू खरं सांग." तिनं गुडघे चोळले. मग सिस्टरकडं न बघता म्हणाली, "दुपारी एकटीला उठवत न्हाई. मग मीबी पीत न्हाई."

आता संस्थेच्या शोभाताई सकाळी नऊला येतात, मी आल्यावर जातात. अण्णांचा तांब्या आईच्या उशाशी असतो. दुपारपर्यंत तो रिकामा होतो आणि शोभाताई तो पुन्हा भरून ठेवतात.